बाभळीवरची रिकामी पिशवी

प्रज्ञाने लुना कशीबशी भिंतीला टेकवली आणि ती सरळ घरात शिरली. रविवार होता. भाईदास महाले गालाला साबण लावून बसले होते आणि त्यांचा मेव्हणा हिलाल बहिणीच्या हातचा तिसरा चहा संपवत होता.

“काका, चला. लोटूमामांना चोर ठरवलंय.”

भाईदासांनी टॉवेलने साबण पुसला. अर्धी दाढी राहिली, ती दिवसभर तशीच राहिली.

लूमच्या कारखान्यातून कापडाचा ताका गायब झाला, की मालक पोलिसांच्या आधी लिंबायतला भाईदासांचं दार वाजवायचे. खाजगी तपास हा त्यांचा धंदा आणि हिलाल त्यांचा मदतनीस. मदत कमी आणि प्रश्न फार, पण रिक्षा त्याची होती. त्यामुळे त्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

रिक्षा कडोदऱ्याच्या रस्त्याला लागली तशी प्रज्ञा बोलू लागली. ती डिंडोलीची, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. दर हिवाळ्यात तिचं पक्षीमंडळ एका तळ्याकाठी बारीक जाळी लावून पक्षी पकडायचं, त्यांच्या पायात आकड्यांचं हलकं कडं घालायचं आणि सोडून द्यायचं. तोच पक्षी पुढे दुसरीकडे कुणाला सापडला, की तो कुठून कुठे गेला ते कळतं. हिलालला हे काही पटलं नाही. धरायचं ते सोडायला, हा कसला उद्योग, असं तो पुटपुटला.

आज भल्या सकाळी जाळ्यात एक निळकंठी सापडली होती. नाव मोठं, पण पाखरू चिमणीएवढंच. पाठीमागून मातकट, समोरून पाहिलं तरच गळ्यावरचा निळा रंग दिसतो. थंडीत ती थेट रशियाकडून येते. आणि हिच्या पायात आधीच कुणीतरी कडं घातलेलं होतं, त्यावर परकी अक्षरं होती.

“काका, कड्यावरचा आकडा तिथेच वाचायचा होता. पण बाकीची जाळी भरली होती, ती पाखरं आधी सोडवायला हवीत. म्हणून हिला कापडी पिशवीत घातलं, नाडी बांधली आणि बाभळीच्या फांदीला अडकवली. खाली आमच्या अध्यक्षांची आई बसली होती, हीराबा. त्यांना सांगून गेले, पिशवी जरा खाली करा, वर ऊन लागतंय. परत येऊन बघते तर पक्षी गायब.”

कडोदऱ्याच्या चौकात दोन बोचकी घेतलेल्या माणसाने हात करून गुजरातीत विचारलं, “खाली छे?”

“नही भो, भरेल शे,” हिलाल म्हणाला आणि त्याने रिक्षा दामटली.

चोरीचा आळ लोटूवरच का, ते प्रज्ञाने सांगितलं. लोटू आधी पाखरं धरून बाजारात विकायचा. एकदा कोठडीतही बसून आला होता. दोन वर्षांपूर्वी प्रज्ञाने त्याच्याकडून तो धंदा सोडवला आणि जाळी बांधायच्या कामावर घेतलं. मंडळाचे अध्यक्ष रमणीकभाई कापडाचे व्यापारी, रागाला तिखट. त्यांनी वनखात्याला फोन केला होता आणि संध्याकाळी जीप येणार होती.

“मामा आत गेले तर संपलंच. पुन्हा त्यांच्यावर विश्वास कोण ठेवील?” ती म्हणाली.

तळ्याला पोचल्यावर भाईदास माणसांकडे न जाता आधी बाभळीकडे गेले. पिशवी उंच फांदीवर, ऐन उन्हात लटकत होती. बाहेरून शिवण दिसत होती. त्यांनी ती हुंगली, आत हात घालून पाहिला. एक पीस नाही की शिटेचा डाग नाही.

“ही नंतर कुणी हलवली?”

कुणीच हलवली नव्हती. प्रज्ञाने नुसती चाचपली होती, आणि मग रमणीकभाईंनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

लोटू काठाशी उकिडवा बसला होता. पन्नाशीचा, वाळलेला माणूस. तो भाईदासांकडे बघेना. एकदा जाळ्याची दोरी न्यायला बाभळीशी गेलो होतो, तेवढंच, असं त्याने सांगितलं. मग म्हणाला, “साहेब, मी नाही म्हणलो तरी कोण ऐकंल?”

“मी ऐकतोय ना,” भाईदास म्हणाले आणि त्याच्या शेजारी मातीतच बसले.

दुसरा ललित. हा कॉलेजातला, गळ्यात कॅमेरा, बोलताना अर्धं गुजराती. पिशवीतून काढून निळकंठीचा फोटो घेऊ द्या म्हणून तो मागे लागला होता आणि प्रज्ञाने त्याला झापलं होतं. भाईदासांनी नुसतं रोखून पाहिलं, तसा तो बोलून मोकळा झाला. प्रज्ञाताई जाळ्यांकडे असताना तो चोरून गेला होता खरा, पण तेव्हाच पिशवी रिकामी होती. आपल्यावर येईल म्हणून तो गप्प बसला.

“दाजी, हाच,” हिलाल कानात म्हणाला. “शहाणा दिसतो.”

“दिसतो, पण नाही,” भाईदास म्हणाले.

रमणीकभाईंचं म्हणणं साधं होतं. आई बाभळीखालून हललेली नाही, जवळ आला तो फक्त लोटू. मग आणखी विचारायचं काय?

राहिल्या हीराबा. पांढरी साडी, हातात माळ, पुढ्यात पोंकाची, म्हणजे ज्वारीच्या कोवळ्या हुरड्याची परात. सकाळपासून त्यांचा चेहरा नुसता खुलला होता. त्यांनी भाईदासांच्या हातात हिरवा पोंक आणि शेव ठेवल्याशिवाय एक शब्द बोलू दिला नाही.

“कोई चोर नथी आव्यो, भाई. हुं अहीं ज बेठी हती.”

भाईदासांनी विचारलं, निळकंठी पाहिली का? त्यावर बा हसल्या. नीलकंठ दसऱ्याला दिसला होता, चांगला कबुतराएवढा, निळाभोर पंखांचा. आज कुठला? पण आजचा दिवस शुभ आहे, आज माझ्या हातून पुण्य झालं, असं म्हणून त्यांनी आणखी एक मूठ पोंक वाढला.

भाईदासांनी पोंक चवीने खाल्ला. मग हात झटकून त्यांनी सगळ्यांना बाभळीखाली बोलावलं. लोटू येईना, त्याला प्रज्ञाने हाताला धरून आणलं.

“चोरी झालेलीच नाही,” भाईदास म्हणाले. “चोर काय करतो? पिशवीसकट नेतो, नाहीतर पाखरू काढून पिशवी फेकून पळतो. इथे पिशवी उलटी केली आहे, झटकली आहे, पुसली आहे आणि पुन्हा उन्हात टांगली आहे. पिठाची पिशवी रिकामी झाली की घरातली बाई असंच करते. लोटूला एवढी हौस कशाला? ललितला तर सवडच नव्हती.”

रमणीकभाईंच्या कपाळाला आठी पडली.

“आता प्रज्ञा, तू बांना काय सांगून गेलीस? शब्दन्‌शब्द सांग.”

“पिशवी जरा खाली करा, वर ऊन लागतंय.”

“मग पिशवी वरच कशी? बा तर इथून उठल्या नाहीत आणि त्या सांगितलेलं काम टाळणाऱ्यातल्या वाटत नाहीत. त्यांनी काम केलं, अगदी सांगितलं तसं. रमणीकभाई, तुमच्या घरात आईला कुणी म्हणालं, थैली खाली करो, तर त्या काय करतील?”

रमणीकभाईंचं तोंड उघडंच राहिलं. “थैली... रिकामी करतील.”

“तेच झालं. प्रज्ञा मराठीत बोलली, बांनी गुजरातीत ऐकलं. तिला म्हणायचं होतं खाली घ्या, यांना कळलं रिकामी करा. वर उन्हाचंही सांगितलेलं. मुकं पाखरू तापतंय म्हटल्यावर बा थांबतील होय? पाखरू सोडण्यात त्यांना पुण्य. आणि तुम्ही सगळे विचारत राहिलात, चोर पाहिला का, निळकंठी पाहिली का. त्यांच्या डोळ्यापुढे दसऱ्याचा मोठा नीलकंठ. सोडली ती तर मातकट चिमणी. त्या खोटं एक अक्षर बोलल्या नाहीत.”

हीराबांनी माळ मांडीवर ठेवली. चिमणीला त्या चकली म्हणत. “तो ए नानी चकली? छोकरीए कह्युं, एटले में खाली करी.”

प्रज्ञाने कपाळावर हात मारला आणि तिला हसू आवरेना. ललित हसला, बा स्वतःच पदरात तोंड घालून हसल्या. हिलाल मात्र अजून विचारात होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, “दाजी, म्हणजे त्या बोचकीवाल्याला रिक्षा रिकामी पाहिजे होती ना, तसं?”

“तसंच रे, बाबा.”

रमणीकभाई हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. लोटूकडे बघायची त्यांना लाज वाटत होती, आणि ती दिसतही होती.

पाखरू आता कुठे असेल, असं भाईदासांनी विचारलं. प्रज्ञा म्हणाली, निळकंठी हिवाळाभर एकच जागा धरून राहते, सकाळी सापडली त्या काठच्या पाणकणसांच्या बेटातच असेल. लोटू उठला, त्याने काठ्या उचलल्या आणि बेटाच्या कडेने जाळं लावलं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा जाळं हललं. लोटूने चिखलात शिरून हलक्या बोटांनी एकेक धागा सोडवला. निळकंठी त्याच्या मुठीत होती, निळा गळा धडधडत होता, पायात कडं होतं. तो काठावर चढला आणि नेमकी त्याच वेळी वनखात्याची जीप येऊन थांबली. अधिकाऱ्याने खाली उतरून लोटूचं मनगटच धरलं.

“मुद्देमालासकट सापडला की हा.”

लोटूचा चेहरा पांढरा पडला. पण त्याने मूठ आवळली नाही, पाखराला दुखलं असतं.

रमणीकभाई चपला टाकून चिखलातून धावत आले. “साहेब, हात सोडा. खोटी फरियाद मी केली. चूक माझी आहे, लिहून घ्या. हे लोटूभाई, आमच्या मंडळाचे.”

अधिकाऱ्याने हात सोडला. प्रज्ञाने भिंग लावून कड्यावरचा आकडा मोठ्याने वाचला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आता पाखरू सोडायचं होतं. तिने हात पुढे केला, पण रमणीकभाईंनी तिला थांबवलं.

“लोटूभाई, तमे छोडो.”

लोटूने मूठ उघडली. निळकंठी पाण्यावरून खालून खालून उडत कणसांत शिरली. रमणीकभाईंनी त्याचा चिखलाने भरलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.