चिंचेखालचं पेव

सांगलीहून हरिपूरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जुन्या चिंचा आहेत. रस्ता आणि कृष्णा यांच्या मधल्या उंचवट्यावर पूर्वी हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. वरून तोंड एवढंसं, माणूस खांदे आवळून उतरेल असं, आणि आत घागरीसारखं मोठं पोट. कडेनं उसाचं पाचट लावायचं, हळद भरायची, तोंडावर फळ्या टाकून मातीनं लिंपून घ्यायचं. इथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची. मी आणि मोहिद्दीन, आम्ही दोघांनी सारी उमर या पेवांत काढली. तो अंगानं रुंद म्हणून वर दोराला, मी सडसडीत म्हणून खाली.

दोन हजार पाचच्या पुरात पाणी पेवांत शिरलं आणि तो धंदा संपला. तोंडांवर गवत वाढलं. पुढं नदीकाठ सुशोभित करायचा ठरला. घाटाच्या पायऱ्या, फिरायला फरसबंद रस्ता, दिव्यांचे खांब, बोटी, खाऊची दुकानं. कोल्हापूर, मिरजेकडची माणसं संध्याकाळी नदीवर यावीत, असं नकाशात रंगवलं होतं. चित्र मलाही आवडलं. नदीकडं पाठ करून बसलेलं गाव निदान तोंड वळवील, असं वाटलं.

त्या कामावर माझा मुलगा विश्वजित सुपरवायझर होता. त्याची बायको संयोगिता, पोरगी साक्षी, तीन वर्षांची, रोज रात्री बापाकडून गोष्ट ऐकून झोपणारी. त्याच्यावर मोठ्या साहेब होत्या मलकापूरच्या अंकिता मॅडम. वयानं लहान, पण चिखलात उभ्या राहून काम बघणाऱ्या. मला काका म्हणायच्या.

फरशीखाली पोकळी राहिली तर जमीन खचणार, म्हणून प्रत्येक पेव उघडून, तळाचा पुराचा गाळ काढून, काँक्रीटनं भरायचं होतं. पेवं नेमकी कुठं आहेत हे दाखवायला विश्वजितनं आम्हा दोघांना बोलावलं. मोहिद्दीन लुंगी सावरत आला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, "गुंडा, आपल्या हातानं खांदलेलं आपल्याच हातानं बुजवायचं, आन् वर चहा फुकट. बरं चाललंय की गड्या."

पेवात उतरायची आमची रीत होती. झाकण काढून हवा खेळू द्यायची. मग कंदील दोराला बांधून खाली सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. माणूस उतरला की वरच्यानं बादलीगणिक त्याचं नाव घेऊन हाळी घालायची आणि खालच्यानं "हाय" म्हणायचं. उत्तर आलं नाही तर काही न विचारता दोर ओढायचा. आणखी एक होतं. माणूस वर आला की पेवाच्या तोंडाशी त्याचं नाव परत घ्यायचं नाही. ते का, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. तोंडाशी बिडी ओढायची नाही, त्यातलंच ते एक.

बाकीची पेवं सरळ भरली गेली. राहिलं ते टोकाच्या चिंचेखालचं. ते आमच्याही आधीच्या लोकांनी लिंपलेलं. आम्ही ते कधी वापरलं नव्हतं. माल चांगला राहत नाही, एवढंच ऐकलं होतं.

फळ्या काढल्या तेव्हा सकाळचं ऊन वर आलं होतं. कुजका वास येईल म्हणून सगळे मागं सरकले. वास आला नाही. कोमट, ओलसर हवा वर आली, बंद खोलीत कुणी झोपून उठल्यावर येते तशी. मोहिद्दीननं कंदील सोडला. एवढी वर्षं बंद असलेल्या पेवात तो विझायला हवा होता. तो नीट जळत राहिला. मॅडमनी हवा मापायचं यंत्र सोडलं. त्यांनी आकडे दोनदा बघितले.

"काका, हवा एकदम चांगली आहे. बाहेरच्यासारखीच."

"व्हय," मी म्हणालो. "त्येच तर."

मजुरांनी एकमेकांकडं बघितलं आणि खोरी खाली ठेवली. म्हसवडकडचा एक गडी म्हणाला, "आमी न्हाई उतरत, साहेब. हितं कुणीतरी राहतंय." कुणी हसलं नाही. काँक्रीटची गाडी रस्त्यावर येऊन थांबली होती. तिचा ड्रम फिरत होता आणि ड्रायव्हर वेळ जातोय म्हणून कुरकुरत होता.

विश्वजितनं घड्याळ आणि बूट काढले.

"तू कशाला रं?" मी म्हणालो.

"मग कोण? तुमी?" तो हसला. "आबा, तुमी उतरलात तर तुमच्यामागं अँब्युलन्स उतरवाय लागंल."

"साहेब झालं पोरगं, पण बूड मातीचंच," मोहिद्दीन म्हणाला. पण दोर त्यानंच विश्वजितच्या कमरेला बांधला आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

मी तोंडाशी मांडी घालून बसलो. विश्वजित शिडीनं उतरला. कंदिलाच्या उजेडात त्याचं डोकं दिसलं, मग तो कडेला सरकला आणि दिसेनासा झाला. पेवाच्या पोटाच्या कडा वरून दिसत नाहीत.

"विश्वजित!"

"हाय!"

बादली वर आली. गाळ काळा, लोण्यासारखा मऊ. मोहिद्दीननं ती ओतली, रिकामी खाली सोडली.

"विश्वजित!"

"हाय!"

असं बराच वेळ चाललं. उत्तर दर वेळी आलं. एकदा मात्र मी तोंड उघडायच्या आधीच खालून "हाय" आलं. मोहिद्दीननं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, पोराला कंटाळा आला असंल.

शेवटी त्यानं झालं म्हणून सांगितलं आणि शिडीवर पाय ठेवला. तो वर आला, घामानं आणि चिखलानं भरलेला. मी जागचा उठलो नाही, फक्त त्याच्या पायाला हात लावला. तो माझ्यामागं जाऊन पाणी पिऊ लागला. पाण्याचा आवाज मला ऐकू येत होता. मोहिद्दीननं कमरेचा दोर सोडून घेतला.

एक भरलेली बादली खालीच राहिली होती. मोहिद्दीननं ती ओढायला घेतली. आणि बादली हलली की हाळी, ही सारी उमर अंगात मुरलेली सवय. माझ्या तोंडून नाव गेलं.

"विश्वजित!"

"हाय!"

मागं पाणी प्यायचा आवाज थांबला.

मोहिद्दीनच्या हातातून बादली सुटली. ती खाली आपटल्याचा आवाज आला नाही.

"काका, प्रतिध्वनी असेल," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. प्रतिध्वनी असता तर नाव परत आलं असतं. हे आम्हा सगळ्यांनाच कळत होतं, त्यांनाही.

मी वाकलो. "कोण हाय खाली?"

"आवं, मी," खालून आवाज आला. "शिडी का काढली, आबा? अजून कडंचा गाळ राहिलाय."

शिडी कुणी काढली नव्हती. ती माझ्यासमोर होती, पेवात उतरलेली.

मॅडमनी मोठी बॅटरी मारली. तळ स्वच्छ. कंदील जळत होता. कुणी नव्हतं. पण कडा दिसत नव्हत्या.

विश्वजित माझ्याशेजारी येऊन वाकला. त्याच्या ओठांवरून पाणी गळत होतं. तो खाली बघत राहिला आणि हळू म्हणाला, "मी परत उतरून बघू?"

मी त्याचं मनगट धरलं. ते गार होतं. पेवातून आलेल्या माणसाचं असतं, तेवढंच.

"उतरू नको म्हण त्याला," मोहिद्दीन माझ्या कानाशी म्हणाला. "उतरला तर मागनं वर कोण यील, गड्या?"

मी माझ्या पोराचं तोंड बघितलं. लहानपणी बैलानं मारलेली भुवईवरची खूण जागेवर होती. गळ्यात सिद्धनाथाचा ताईत होता. पुढचा दात थोडा तुटका. सगळं होतं.

"सकाळी निघताना साक्षीला काय आणतो म्हणालास?" मी विचारलं.

"कलिंगड," तो म्हणाला.

"कलिंगड," खालून आवाज आला. "आबा, आसं का इचारताय?"

दोघांचं उत्तर एकाच वेळी आलं नाही. वरच्याचं आधी आलं. मी त्यालाच धरून राहिलो. बुडत्या माणसाला आणखी काय धरता येतं?

मॅडम पांढऱ्या पडल्या होत्या. "एक माणूस उतरला, एक वर आला," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी बघितलं. काका, तुम्ही म्हणाल तर मी काम थांबवते. आज, उद्या, कितीही दिवस."

सगळे माझ्याकडं बघत होते.  विश्वजितनं माझ्या हातातलं मनगट सोडवून घेतलं नाही.

थांबवलं असतं तर कुणीतरी उतरलं असतं. उतरून त्याला काही दिसलं असतं, किंवा दिसलं नसतं. आणि दिसलं असतं तर मी घरी कुणाला नेलं असतं?

"ओता," मी म्हणालो.

मोहिद्दीननं आधी कंदील वर घ्यायला दोर ओढला. दोर क्षणभर ताणला गेला. मग कुणी हातातून सोडावा तसा सैल झाला. कंदील वर आला. त्याची काच लख्ख पुसलेली होती.

शिडी काढली. गाडी मागं आली. पन्हळ लावला.

खालून ओरडणं आलं नाही. त्याची मी वाट बघत होतो. ओरडला असता तर मी थांबवलं असतं, असं मला वाटतं.

एकदाच आवाज आला, लहानपणी ताप आला की तो पाणी मागायचा तसा.

"आबा."

मग खडीचा आवाज.

काम वेळेत झालं. नदीकाठ खरंच देखणा झाला आहे. संध्याकाळी दिवे पाण्यात उतरतात, पोरं फुगे उडवतात, नवीन जोडपी कठड्याला टेकून फोटो काढतात. पूर्वी जिथं फक्त चिखल आणि म्हशी होत्या तिथं आता गाड्या लावायला जागा मिळत नाही. मॅडमची बदली झाली. जाताना त्या माझ्या पाया पडल्या. मोहिद्दीन पुन्हा तिकडं फिरकला नाही. चिंच राखली आहे. तिच्याभोवती गोल बाक बांधला आहे.

विश्वजितला पुढचं काम मिळालं. तो घरी वेळेवर येतो. आवाज चढवत नाही. जेवतो, झोपतो, माझी औषधं आणतो. संयोगिताची काही तक्रार नाही. एकदाच ती भाकरी थापताना म्हणाली, "आबा, हे लई शांत झाल्यात, न्हाई?" मी व्हय म्हणालो. ती तव्याकडं बघत राहिली.

मी नदीवर जातो. चिंचेखाली नाव मात्र घेत नाही. मनातसुद्धा घेत नाही.

साक्षी त्याच्याशी वाईट वागत नाही. त्यानं उचललं की उचलू देते, पाहुण्यानं उचललं की पोरं गप राहतात तशी. पण नदीवर नेलं की ती माझा हात सोडवून पळते. दिव्यांकडं नाही, फुग्यांकडं नाही. चिंचेपाशी.

परवाही तसंच झालं. ऊन उतरत होतं, माणसांची गर्दी होती. विश्वजित लांब कठड्यापाशी उभा होता. तो तिकडंच थांबतो.

मी चालत पोचलो तोवर साक्षी बाकाशेजारच्या फरशीवर पालथी पडली होती. गाल दगडाला लावलेला, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपली. उचलायला वाकलो.

"हं," ती म्हणाली.

थोडी थांबली. ओठांवर हसू आलं.

"हं," ती पुन्हा म्हणाली.

गोष्ट सांगणाऱ्याला आपण जागे आहोत हे कळावं, म्हणून पोरं देतात तसा हुंकार ती देत होती.