बिना सेलचा रिमोट

आमच्या सौंसरच्या घरी कधी आलात तर स्वयंपाकघराचा उंबरठा बघा.

डाव्या कोपऱ्यात, जमिनीपासून चार बोटांवर, त्याचा रंग उडालाय. धक्के बसून बसून लाकूड खरवडलंय. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, "हिमानी, हे तुझ्या मनाचे खेळ आहेत." मनाच्या खेळाने लाकडाचा रंग उडत नाही.

आता त्यातले बरेच धक्के ताई होती तेव्हाचे आहेत, हे मी मान्य करते.

पण सगळे नाहीत.

रात्रीबेरात्रीची गोष्ट नाही ही. ओसाड जागेतलीही नाही. मागच्या जानेवारीत, दिवेलागणीच्या वेळी, माय चहा ठेवते तेव्हा, आमच्या राहत्या घरात घडलेली आहे.

आम्ही दोघी बहिणी. डिंपलताई मोठी, मी धाकटी. ताईला सिकलसेल होता. आमच्याकडे हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही, प्रत्येक गावात कुणी ना कुणी असतंच. थंडी पडली की तिची हाडं ठणकायची. आठ-आठ दिवस खाटेवरून उठवत नसे. हाताची बोटं सुजायची, पण तोंड मात्र कधी गप्प नसायचं. मला ती 'बुटकी' म्हणायची.

पडल्या पडल्या ती मोबाईलवर रोबोट बनवायचे व्हिडिओ बघायची. मी पॉलिटेक्निकला लागले आणि तिने मलाच कामाला लावलं. भंगारातल्या मोटारी, खेळण्याची चाकं, बिस्किटांचे पत्र्याचे डबे. त्यातून आम्ही दोन गाड्या बनवल्या. तिची राणी आणि माझा ढब्बू. चालवायला सेट टॉप बॉक्सचे जुने रिमोट घेतले. आमच्या गल्लीत सगळ्यांकडे एकाच कंपनीचा बॉक्स, त्यामुळे जुन्या रिमोटला तोटा नव्हता.

तिथेच घोळ झाला. सगळे रिमोट एकसारखे, म्हणून दोन्ही गाड्यांचा कोडही एकच. ताईने बटण दाबलं की राणीही पळायची आणि ढब्बूही. शेजारचा शुभम क्रिकेट बघताना आवाज वाढवायचा, त्याची खिडकी उघडी असली की इकडे ढब्बू गरगर फिरायचा. ताई हसून हसून बेजार व्हायची.

"कोड बदलू का?" मी विचारलं.

"राहू दे व बुटके. मले एका बटनात दोन नोकर भेटून राहिले."

मग आम्ही एक उपाय काढला. बाटलीच्या झाकणाला काळी टेप गुंडाळली आणि ते गाडीच्या सेन्सरवर बसवायला लागलो. त्याला आम्ही टोपी म्हणायचो. टोपी घातली की गाडी झोपली.

रिमोटमधून निघतो तो उजेडच असतो. आपल्या डोळ्यांना दिसत नाही एवढंच. तो भिंतीतून जात नाही. ज्याच्या हातात रिमोट आहे, त्याला गाडी दिसावी लागते. ताईच्या खाटेवरून दारातून सरळ स्वयंपाकघर दिसायचं. चहाची तलफ आली की ती गाडी पाठवायची. गाडी उंबरठ्याला जाऊन धडकायची, मागे यायची, परत धडकायची.

टक... टक.

"आली का महाराणी!" माय म्हणायची आणि ताईचा कानतुटका कप भरायची. मी चहाला तोंड लावत नाही, त्यामुळे माझा प्रश्नच नव्हता.

जानेवारी लागताच थंडीने ताईची छाती भरली. नागपूरला नेलं. परत आणली ती झाकून आणली.

घरून अंत्ययात्रा निघायच्या आधी मायने शालीखालून ताईच्या हातात तिचा रिमोट दिला. बायका कुजबुजल्या. माय कुणाचं ऐकायला तयार नव्हती.

"तिकडं चहा कोन देईन तिले? बोलवाले पायजे का नाही कोनाले?"

बाबांनी हळूच तो रिमोट काढून घेतला. मागचं झाकण उघडून सेल काढले आणि परत तिच्या मुठीत ठेवला. आगीत सेल फुटतात म्हणून. ते सेल बाबांनी घरी आणून भिंतीतल्या देवळीत ठेवले. रिमोट ताईबरोबर जळाला. मी विचारून खात्री केली आहे, बाबा शेवटपर्यंत तिथेच होते.

तेरवी झाली. पाहुणे गेले. घर एकदम मोठं वाटायला लागलं.

पांढुर्ण्याला एका कॉलेजात रोबोटचं प्रदर्शन होतं. ताई असतानाच मी आणि माझी मैत्रीण सायली, आम्ही नाव दिलं होतं. मन नव्हतं, पण ताईने फार हट्ट केला होता त्या प्रदर्शनाचा. म्हणून त्या संध्याकाळी मी ढब्बूला बाहेर काढलं. ताईच्या खोलीत खाली बसून त्याचे स्क्रू आवळले, चालू करून जमिनीवर ठेवला. राणीचं चाक निखळलेलं होतं. ती टोपी घालून फळीवर होती.

स्वयंपाकघरात मायने चहा ठेवला होता. आल्याचा वास आला.

ढब्बू थोडा वळला...

मी हात लावला नव्हता. माझा रिमोट माझ्या पिशवीत होता.

...आणि सरळ निघाला. दारातून बाहेर, पडवीतून, स्वयंपाकघराकडे.

टक... टक.

मायच्या हातातून गाळणी पडली.

"शुभम टीव्ही पाहून राहिला असेल, माय," मी ओरडले. "त्याचा रिमोट लागला."

"शुभम कुठं हाय व? ते सारे रामाकोन्याले लग्नाले गेले ना."

मी खिडकीतून पाहिलं. शेजारच्या घराला कुलूप होतं.

दुसऱ्या दिवशी मी खिडकी घट्ट लावली. फटीत कापड कोंबलं. ट्यूबलाइट बंद ठेवला, कारण कधीकधी त्याच्यानेही सेन्सर गोंधळतो. मायने चहा ठेवला आणि ढब्बू निघाला. वाटेत मी चप्पल आडवी ठेवली होती. तो चपलेला वळसा घालून गेला.

चप्पल दिसल्याशिवाय वळसा घालता येत नाही. ढब्बूला डोळे नाहीत. म्हणजे कुणीतरी बघून चालवत होतं.

रिमोटचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यात दिसतो. बटण दाबलं की रिमोटच्या टोकाला जांभळट ठिपका लुकलुकतो. तुम्हीही करून बघा. मला तो प्रयोग ताईनेच दाखवला होता.

तिसऱ्या संध्याकाळी मी खाटेकडे पाठ करून उभी राहिले आणि मोबाईल समोर धरला. पडद्यावर माझं तोंड दिसलं. माझ्या खांद्यामागे खाट होती, तिच्यावर घडी घातलेली चादर आणि उशी.

आणि उशीच्या थोडं वर...

एक जांभळट ठिपका लुकलुकत होता. फिकट होता, कारण त्याचा रोख माझ्याकडे नव्हता. जमिनीकडे होता, ढब्बूकडे.

मी मागे वळून पाहिलं. खाट रिकामी होती.

मी घाबरले, खोटं कशाला सांगू? पण घाबरण्याहून जास्त मला रडू आलं. कारण बाहेर माय बोलत होती. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा ती नीट बोलत होती.

"आली का महाराणी! थांब, दूध टाकून राहिली ना..."

तिने कानतुटका कप भरला आणि खाटेजवळ आणून ठेवला. सकाळी तो तसाच होता, साय धरलेला.

मग हे रोजचंच झालं. बाबा संत्र्यांच्या गाड्या भरायला जायचे ते उशिरा यायचे. त्यांना आम्ही काही बोललो नाही. माय दिवसभर दिवेलागणीची वाट बघायची. जेवण तिला जात नव्हतं, झोप नव्हती. फक्त तेवढा वेळ ती जिवंत माणसासारखी दिसायची.

प्रदर्शन जवळ आलं तसा कॉलेजातून निरोप आला. गाड्या एकमेकींच्या रिमोटवर चालतात, गोंधळ होतो, तर प्रत्येकाने आपला कोड वेगळा करून आणावा.

मी मायला सांगितलं. कोड बदलला की ढब्बू ताईचं ऐकणार नाही.

तिने माझा हातच धरला. "नको बदलू व, हिमानी. तुह्या पाया पडते. तेवढंच राह्यलं माह्यापाशी."

मी म्हटलं, ठीक आहे, जात नाही पांढुर्ण्याला. सायलीला तसा फोनही केला.

त्याच संध्याकाळी ढब्बू निघाला, पण पडवीत मध्येच थांबला. मग हातभर पुढे गेला. परत थांबला. बराच वेळ तसाच राहिला. पुन्हा थोडा सरकला...

मला ते ओळखीचं होतं. मायलाही. बोटं सुजली की ताई अशीच चालवायची. एकदा दाबायची, हात झटकायची, दम घ्यायची, पुन्हा दाबायची.

ढब्बू कसाबसा उंबरठ्याला पोचला. एकदाच वाजलं, तेही हळू.

माय उंबरठ्यापाशी खालीच बसली. देवळीकडे बघत राहिली. बाबांनी ठेवलेले ते सेल अजून तिथेच होते.

"बिना सेलचा हाय तो रिमोट," ती म्हणाली. "किती जोर लावून दाबत असन व माही पोरगी."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"हात दुखून राहिले तिचे. अन् मी इथं खुश होऊन राहिली." तिने पदराने ढब्बूवरची धूळ पुसली. "बदल तो कोड. आता आराम करू दे तिले."

मी त्याच रात्री कोड बदलला. माय शेजारी बसून होती. झालं म्हटल्यावर तिने विचारलं, "आता तिले दाबा लागनार नाही ना?" मी नाही म्हटलं.

पांढुर्ण्यात ढब्बू झकास चालला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आनंद झालाच नाही. परतीच्या बसमध्ये सायलीच्या खांद्यावर डोकं ठेवून मी सौंसर येईपर्यंत रडले.

घरी आले तेव्हा मायने चहा ठेवला होता. ढब्बूला चालू करून मी पडवीत ठेवला. तो हलला नाही. मायने थोडी वाट पाहिली, मग मान डोलावली.

"झोपली असन आता," ती म्हणाली. त्या दिवशी ती पोटभर जेवली आणि सकाळपर्यंत झोपली.

दुसऱ्या दिवशी मी मोबाईल काढायलाच नको होता. पण काढला. दिवेलागणीला, खाटेकडे पाठ करून.

ठिपका होता...

लुकलुकत होता, थांबत होता, पुन्हा लुकलुकत होता. ती दाबत होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं कोड बदलल्याचं. बिना सेलचा रिमोट घेऊन माझी ताई बटण दाबत होती आणि पडवीत ढब्बू ढिम्म उभा होता.

मी तोंडात ओढणी कोंबली. मायला कालच कुठे रात्रीची झोप लागली होती. तिला कसं सांगणार?

आणि तेवढ्यात ठिपका हलला.

फिकट होता तो ठळक झाला. पांढरा झाला. मी डावीकडे सरकले, तरी तेवढाच ठळक. उजवीकडे सरकले, तरी तेवढाच.

रोख आता ढब्बूवर नव्हता...

माझ्यावर होता.

मी निघाले. निघाले म्हणते खरी, पण मी ठरवून पाऊल उचललं की ते उचललं गेलं, हे मला आजही सांगता येत नाही. दारातून बाहेर, पडवीतून सरळ. उंबरठ्याच्या डाव्या कोपऱ्याशी मी खाली बसले आणि बोटाने वाजवलं.

टक... टक.

मायने वळून पाहिलं. खूप वेळ बघत राहिली. मी चहा पीत नाही हे तिला ठाऊक आहे. तरी तिने कानतुटका कप घेतला, भरला, माझ्या हातात दिला.

"गरम हाय म्हन तिले," ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते.

तेव्हापासून रोज मीच चहा नेते. मोबाईल बघत नाही. गरज पडत नाही. मायलाही बरं वाटतं, की ताईला आता जोर लावावा लागत नसेल, बहीण लगेच ऐकते.

मीही स्वतःची तीच समजूत घातली होती. परवापर्यंत.

परवा सायलीकडे मोहगावला मुक्कामाला गेले होते. संध्याकाळी गप्पा चालल्या होत्या. मध्येच सायलीने मला दंडाला धरून हलवलं.

"हिमानी, काय करून राहिली तू?"

मी तिच्या स्वयंपाकघराच्या दाराशी खाली बसले होते. बोट चौकटीवर होतं. आत तिची आई हातात चहाचं भांडं घेऊन माझ्याकडे बघत होती.

ताईची खाट सौंसरला. मध्ये एवढं अंतर, एवढ्या भिंती. तो उजेड भिंतीतून जात नाही. ज्याच्या हातात रिमोट आहे, त्याला गाडी दिसावी लागते.

ताईला बसचे धक्के सोसायचे नाहीत. दवाखाना सोडला तर ती आयुष्यात कुठे गेली नाही. मोहगावही तिने परवापर्यंत पाहिलं नव्हतं.

मी मागे वळून पाहिलं नाही. सायलीच्या आईला म्हटलं, "काकू, एक कप चहा द्या." आणि तो माझ्या शेजारी, रिकाम्या जागी ठेवला.