सतरा एकांची संख्या

निवृत्त झाल्यापासून मास्तर एकाच संख्येमागे हात धुऊन लागले होते. एकाशेजारी एक, असे सतरा एक. तिला कुठल्या मूळ संख्येने भाग जातो, तेवढंच शोधायचं. तेही यंत्राला न शिवता. ती मूळ संख्या चौतिसाच्या पटीपेक्षा एकाने मोठी असणार, हे त्यांनी स्वतः ताडलं होतं. आयुष्यातला पराक्रम काय तो तेवढाच. पुढे अकरा वर्षं, एकवीस वह्या आणि प्रत्येक पानाच्या तळाशी बाकी.

रविवारी दुपारी मेहुणी आणि साडू आले. साडूंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. शाळेत गणितात दोनदा गटांगळ्या खाल्लेल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वहीत डोकावलं.

"मास्तर, वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसने बघा की."

"गेल्या वर्षीच बघितलंय. बाकी एक."

"एक कसा उरेल?"

साडूंनी पेन घेतलं. पान भरलं. बाकी शून्य.

मास्तरांनी आपलं गेल्या वर्षीचं पान काढलं आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. आकडा न् आकडा तोच. शेवटच्या वजाबाकीतही वरखाली तीच संख्या. त्यांनी ती पुन्हा केली. एक उरला.

बायकोने करून पाहिलं. शून्य. मेहुणीने बिस्किट खाता खाता केलं. शून्य.

"भाऊजी, अकरा वर्षं हेच करत होतात?" मेहुणी हसली.

"यांना सांगून उपयोग नाही गं," बायको म्हणाली, "बघ, तुझ्या ह्यांना किती पटकन सुचलं!" हे ती साडूंकडे बघत म्हणाली. तसं कौतुक मास्तरांच्या वाट्याला लग्नाच्या पहिल्या वर्षीसुद्धा आलं नव्हतं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

बहिणी चहा करायला आत गेल्या. साडू मात्र हसत नव्हते.

"मास्तर, तुमचा एक तसाच राहू द्या. आमच्या कुणाच्याच हिशेबात तो उरत नाही. खोडू नका."

"का? शून्य काय तुमच्या एकट्याच्या मालकीचं आहे?"

साडू उठून आत गेले.

मास्तरांनी पेन उचललं. एक खोडला आणि खाली शून्य काढलं, मोठं, गोल, साडूंच्यापेक्षा सुबक.

मग तेही आत गेले.

टेबलावर तीन कप होते.

"माझा?" मास्तरांनी विचारलं.

बायको साखर ढवळत राहिली. मेहुणी तिच्या शेजारणीचा किस्सा सांगत होती.

"अगं, माझा चहा?"

साडूंनी चौथ्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली. मान वर केली नाही.

चहा झाल्यावर बायको बाहेरच्या खोलीत आली. मास्तर तिच्या वाटेतच उभे होते. ती थांबली नाही, वळलीही नाही.

"ह्या वह्या कुणाच्या गं?" तिने आत हाक दिली.

"असतील आधीच्या भाडेकरूच्या!" मेहुणी आतूनच म्हणाली.

बायकोने वरच्या वहीतल्या शून्यावरून बोट फिरवलं.

बोटाला शाई लागली. अजून ओली होती.