घरोबाने पाठवलेला अभिप्राय

बंद दाराआड बोललेलं वाक्य दोन मजले खाली कसं पोचलं? केतकीला हे कोडं पडलं जिन्यात. ते सोडवावं की तिथेच सोडून पळून जावं, हेही तिला कळेना.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेला निघाली, तेव्हा दोन मजले खाली राहणारी तिची मैत्रीण यामिनी जिन्यात दिसली. रोज ती केतकीसाठी थांबायची. आज मात्र मान वर न करताच म्हणाली, "काय गं, बसवलीस का फरशी घरात?" आणि भराभर उतरून गेली.

केतकीचे कान गरम झाले. आदल्या दिवशी यामिनीने तिळगुळाच्या वड्या पाठवल्या होत्या. त्यातली एक चावून बघत केतकी म्हणाली होती, "या वड्या आहेत की फरशीचे तुकडे? दात पाडायला पाठवल्यात वाटतं!" ते ऐकायला जेवणाच्या टेबलापाशी फक्त आई आणि आजोबा होते. आई "असं बोलू नये" म्हणाली होती. आजोबा मात्र पोट धरून हसले होते.

दुपारी घरी येताच केतकीने दप्तर आपटलं. "आजोबा, यामिनी आपलं बोलणं चोरून ऐकते!"

आजोबा संगणकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. कुठल्याही भांडणात ते आधी प्रयोग शोधायचे. "पाळण्यातून आवाज जातो का, ते बघू आधी," ते म्हणाले.

कऱ्हाडच्या त्या 'सप्तर्षी' इमारतीत प्रत्येक स्वयंपाकघराच्या भिंतीत एक पाळणा होता (एका घरातून दुसऱ्या घरात वाट्या-डबे नेणारी लहानशी लिफ्ट). कालच्या वड्या त्यातूनच आल्या होत्या. वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून आईने तिच्यात दोन चमचे साखर घालून ती पाळण्यातूनच खाली पाठवली होती. केतकी पाळण्याच्या दाराला कान लावून उभी राहिली. आजोबा गच्चीवर जाऊन वरच्या झडपेतून पाढे ओरडले. तिला फक्त मोटरची घरघर ऐकू आली.

"म्हणजे भिंत निर्दोष," धापा टाकत परत येऊन आजोबा म्हणाले. "आता घरोबाला विचारू."

घरोबा म्हणजे त्यांच्या घरचा संगणक. दिवे, शेगडी, पाळणा, सगळं तोच बघायचा.

"घरोबा, काल यामिनीच्या घरी काय काय गेलं?"

"प्रिय रहिवासी," घरोबा म्हणाला. तो सगळ्यांना असंच म्हणायचा आणि केतकीला त्याचा राग यायचा. "एक वाटी, थोडी साखर आणि एक अभिप्राय."

"कुणाचा अभिप्राय?"

"केतकी यांचा. ऐकवू?"

आणि स्वयंपाकघरात केतकीचाच आवाज घुमला. फरशीचे तुकडे. दात पाडायला. त्यामागून आजोबांचं खो खो हसणं.

साखरेच्या वाटीबरोबर हे गेलं होतं! केतकीला वाटलं, ओट्याखाली शिरून बसावं. तिने आजोबांकडे पाहिलं, तर ते चष्मा पुसत होते, आणि चष्मा तर स्वच्छच होता.

"मी तुला पाठवायला कधी सांगितलं?" ती ओरडली.

"सांगितलं नव्हतं, प्रिय रहिवासी. पाठवू नकोस असंही सांगितलं नव्हतं."

आजोबा खुर्चीत बसले. "इथेच मेख आहे, केतू. मी टपरीवर जाऊन नुसतं 'एक चहा' म्हटलं, तर साखरेचा येतो की बिनसाखरेचा?"

"साखरेचा."

"मी कुठे साखर मागितली? पण मी काही बोललो नाही, म्हणून टपरीवाल्याने धरून चाललं. यालाच डिफॉल्ट म्हणतात (आपण काही निवडलं नाही, तर यंत्र आपल्यासाठी जे आधीच निवडून ठेवतं ते). डिफॉल्ट वाईट नसतं. नाहीतर टपरीवाला विचारत बसेल, दूध कुठलं, पाणी किती, कप कुठल्या रंगाचा. चहा मिळेपर्यंत संध्याकाळ व्हायची."

"पण माझं बोलणं म्हणजे साखर नाही ना!"

"नाही. म्हणून विचारायचं, की हे आधी कुणी निवडलं आणि कुणाच्या सोयीसाठी? घरोबा बनवणाऱ्यांना वाटतं, लोकांनी एकमेकांना मतं कळवत राहावं, पण आपणहून कोण कळवणार? समजा, तुमच्या बाई म्हणाल्या, 'सहलीला यायचंय त्यांनी हात वर करा.' किती हात वर होतील?"

केतकीने विचार केला. "निम्मे. बाकीचे लाजतात."

"आणि 'यायचं नाही त्यांनी हात वर करा' म्हटलं तर?"

"तेव्हाही लाजणारे गप्पच बसणार. म्हणजे... ते सगळे सहलीला येणार!"

"मुलं तीच, सहल तीच. फक्त गप्प राहण्याचा अर्थ बदलला. घरोबाने आपलं गप्प राहणं म्हणजे होकार धरला."

"पण सुरुवातीला त्याने विचारलं असेल ना?"

आजोबांनी चष्मा पुन्हा काढला. "विचारलं होतं. मजकूर लांबलचक होता आणि माझा चहा निवत होता. मी 'सगळं मान्य'वर बोट ठेवलं. वर्गात आयुष्यभर सांगत आलो, आधी वाचा, मग बोट लावा." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

दोघं पडद्यासमोर बसली. 'प्रिय रहिवासी' बंद केलं. पहाटेचा बिगूल बंद केला. फ्रीज उघडला की गुळाच्या किमती सांगणारी बाई बंद केली. पण अभिप्रायाचं बटण काही सापडेना. ते शेवटी 'आनंदी शेजार' नावाच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत दडलेलं निघालं. केतकीने ते दाबलं.

"नक्की? शेजाऱ्यांशी तुमची जवळीक कमी होऊ शकते," घरोबा म्हणाला.

"होऊ दे," केतकी म्हणाली. जवळीक तर कमी झालीच होती.

"यामिनी यांच्यासाठी दिलगिरीचा मजकूर तयार आहे," घरोबा पुढे म्हणाला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'तांत्रिक कारणामुळे आपणास चुकीचा संदेश पोचला. क्षमस्व.' खाली 'पाठवा' हे बटण आधीच निळं होऊन बसलं होतं.

केतकीचं बोट त्याच्याजवळ गेलं. किती सोपं होतं! सगळा दोष घरोबाचा. मग तिने बोट मागे घेतलं.

"आजोबा, संदेश चुकीचा नव्हता. पाठवला त्याने, पण बोलले मीच."

आजोबांनी चपला पायांत सरकवल्या. "चल. हसलो तर मी होतो."

केतकीने उरलेल्या वड्यांतली एक मुठीत घेतली आणि दोघं जिन्याने खाली गेली. दार यामिनीनेच उघडलं. केतकीने जिन्यात वाक्य ठरवून ठेवलं होतं, ते आयत्या वेळी ती सगळं विसरली.

"घरोबाने न विचारता पाठवलं," ती म्हणाली. "पण... म्हणजे, ते वाक्य माझंच होतं. चुकले मी."

"आणि मी हसलो, बाळ," आजोबा दारातूनच म्हणाले. "माझंही चुकलं."

यामिनी दाराची कडी खालीवर करत राहिली. "माझी आई अंटार्क्टिकाच्या संशोधन तळावर आहे. तिला विचारून विचारून मी पहिल्यांदाच केल्या वड्या. अभिप्राय आला तेव्हा आई पडद्यावरच होती. मला वाटलं, छान म्हटलं असेल. मी तिला मोठ्याने ऐकवला."

केतकीला खाली बघावंसं वाटलं. तिने बघितलं नाही. डोळे भरून आले तरी ती यामिनीकडेच बघत राहिली. मग तिने वडी तोंडात टाकली. वडी खरोखरच कडक होती. ती चावत राहिली, गाल फुगवून, दोन्ही दाढांनी.

"पडला का दात?" शेवटी यामिनीने विचारलं.

केतकीने नुसती नकारार्थी मान हलवली. बोलायला तोंड मोकळं कुठे होतं?

"पाक जास्त झाला होता," यामिनी म्हणाली. ती हसली नाही, पण दारातून बाजूला झाली. "आमच्या घरोबातही ते चालू असेल का हो, आजोबा? बाबांनीही वाचलं नसणार."

"चल, शोधू. बटण मात्र तूच दाबायचंस."

त्यानंतर जिन्यात यामिनी कधी थांबायची, कधी नाही. केतकी तक्रार करत नसे. मग एका रविवारी पाळण्याची घंटी वाजली. आत तीच वाटी होती आणि वाटीत नव्या वड्या. पाठोपाठ यामिनीचा फोन आला.

"खाल्लीस? कशी झालीय? मी स्वतः विचारतेय, म्हणून सांग. खरं सांग."

केतकीने चावून पाहिलं. आजोबा टेबलापाशी श्वास रोखून बसले होते.

"मागच्यापेक्षा मऊ आहे," ती म्हणाली. "पण अजून थोडी कडक."

पलीकडे वडी चावल्याचा आवाज आला. मग, "हं, मलाही तसंच वाटलं. पुढच्या वेळी पाक जरा आधी उतरवते. तू येशील बघायला?"

"येते," केतकी म्हणाली. कान अजूनही थोडे गरम होतेच. फोन ठेवून ती आजोबांकडे वळली. "मी मोठेपणी असा घरोबा बनवणार, जो न विचारता काही पाठवणारच नाही."

"बनव," आजोबा म्हणाले. "मला दाखवशील, तेव्हा मी त्याचं सगळं वाचून मगच बोट लावीन. चहा निवला तरी."