अर्धी कुपी

चैत्राच्या उन्हात बोंबील वाळत घालणारा माणूस पूर्ण बाह्यांचा सदरा कशाला घालेल? धाकट्या लेकाचं, केसरीनाथाचं, हे वागणं चांगुणाला सकाळपासून खुपत होतं. विचारलं तर म्हणे, ऊन लागतं. कोळ्याच्या पोराला ऊन लागतं, हे तिनं उभ्या जन्मात पहिल्यांदा ऐकलं. शेवटी तिनंच त्याची बाही खसकन वर ओढली. मनगटावरचा पट्टा लालभडक झाला होता.

तो पट्टा अंगातल्या गाठी मोजायचा; लाल म्हणजे गाठी वाढल्या. पेशीच्या आत बारीक सुतांचा सांगाडा असतो; सूत कुठं जोडायचं, कुठं सोडायचं, हे एक प्रथिन ठरवतं. डॉक्टर त्याला सूत्रधार म्हणत. चांगुणाच्या सासरी हा सूत्रधारच वाकडा जन्माला यायचा. त्याच्या गाठी व्हायच्या आणि हातापायांना हुकूम पोचवणाऱ्या नसा वाळत जायच्या. नवरा तसाच गेला. थोरला हरेश्वर खाटेला खिळला होता, पेलाही उचलेना. औषध लागू पडायची त्याची वेळ निघून गेली होती, म्हणून 'गाठसोड' हे नवं औषध एकट्या केसरीनाथाला मिळत होतं.

चांगुणानं तिथंच त्याला डॉक्टरीणबाईंना फोन लावायला लावला. पडद्यावरून बाईंनी एकच विचारलं, कुपी पूर्ण घेता ना? केसरीनाथानं बाही खाली ओढली. मग म्हणाला, निम्मी दादाला देतो. दोघांची होडी एक. होडीवर येईल त्याचे दोन वाटे करायचे, ही बापाची शिकवण.

बाईंनी पट्टा पडद्याजवळ धरायला लावला. मग त्यांनी सांगितलं की पूर्ण मात्रेनं गाठ विरघळते. निम्म्या मात्रेनं ती नुसती फुटते, आणि फुटलेला एकेक तुकडा नवी गाठ धरतो. आता पूर्ण कुपीही उपयोगाची नाही. दोघांनाही.

चांगुणा रडली नाही. बोंबलांवर बसलेला कावळा तिनं हाकलला.

"आये, दादा माझ्या तोंडाकडं बघत असायचा," केसरीनाथ म्हणाला. "त्याच्यासमोर एकट्यानं कसं पिऊ?"

"त्याला मी मनातनं कधीच मसणात पोचवला होता," ती म्हणाली. "तुला राखला होता. भाऊ म्हणून चांगला निघालास, केसरी. लेक म्हणून नालायक. आता मी डोळे मिटल्यावर तुम्हा दोघांच्या तोंडात घास कोण घालणार, ते सांग."