दुरुस्त मजकूर

मंगळावरून येणारा एकही मेल हल्ली फाटका नसायचा, आणि वत्सला गुरव नेमकी तीच तक्रार घेऊन पाचगणीच्या मेलसंग्रहात आली होती.

"लेकाचं बरं चाललंय, ही तक्रार?" इंजिनिअर मैथिली वर्तक हसली. "मावशी, बसा तरी."

"बसते. आधी सांग, माझा हणमंत भांडायचा कधी थांबला? आमटी खारट झाली तर घर डोक्यावर घ्यायचा तो. आता हे बघ: 'आई, इथं सगळं छान आहे. सोपानला लवकर धाड.' हा माझा लेक न्हाय पोरी. हा कुणाचा तरी जावई लिहितोय."

सोपान तिचा धाकटा. भावाच्या शब्दावर तोही मंगळाला निघाला होता. चंद्रावरच्या तळावर त्याचं यान सुटायच्या तयारीत होतं. विलगीकरणातल्या प्रवाशांना फक्त मेल पोचत.

मैथिली समजावू लागली. सर्व्हरवर काही प्रोग्राम असे असतात, की ते कुणी उघडत नाही, कुणी मिटत नाही. पडद्यामागे बसून ते कामाची वाट बघतात. त्यांना डीमन म्हणतात. इथल्या डीमनचं नाव पूरक. मंगळाहून येताना किरणोत्सारानं मेलमधली अक्षरं गळतात. पूरक त्या माणसाचे जुने मेल वाचतो आणि गळलेलं भरून काढतो.

"म्हंजे रफू."

"अगदी."

"आणि धड लुगड्यालाच रफू करत सुटला तर?"

मैथिली पुन्हा हसणार होती. तिनं हणमंतच्या मेलची नोंद उघडली आणि तिचा हात थबकला. जवळजवळ सगळा मजकूर दुरुस्त केलेला होता. तिनं मागचे मेल काढले. तेही तसेच.

हळूहळू तिच्या ध्यानात आलं. माणूस चिडला की तुटक लिहितो. घाबरला तर आणखीच तुटक. पूरकच्या लेखी तुटकं किंवा जुन्या मेलांशी न जुळणारं वाक्य म्हणजे इजा झालेलं वाक्य. तो ते सांधायचा, गोड करायचा, आणि तेच गोड वाक्य पुढच्या दुरुस्तीला नमुना म्हणून ठेवायचा.

"मग त्यानं खरं काय लिवलं होतं, ते दाखव."

मैथिलीनं मूळ प्रतींचा कप्पा उघडून दाखवला; तो रिकामा होता. जागा वाचावी म्हणून दुरुस्ती होताच मूळ मजकूर पुसायचा, अशी इथली रीत होती.

सोपानचं यान थांबवा म्हणून तिनं चंद्रावरच्या तळाच्या कचेरीत फोन लावला. "मूळ मेल दाखवा, यान थांबवतो," पलीकडचा अधिकारी म्हणाला. तिनं पूरक बंद केला. तो तत्क्षणी पुन्हा चालू झाला. डीमन मेला की त्याला उठवणारा एक पहारेकरी असतो, आणि हा पहारेकरी तिनंच मोठ्या हौसेनं बांधला होता. त्याला थांबवायला मंगळाची संमती लागे. ती मेलनंच यायची.

वत्सलाबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. "त्यानं वरडून सांगितलं असंल गं. 'नको धाडू' म्हणला असंल. आणि मी इकडं सोपानला लाडू बांधून दिले."

"मावशी, तुम्ही सोपानला लिहा. पण तोही मेल पूरकमधूनच जाणार, म्हणून घाबरून नाही. नेहमीसारखं, शांत लिहा. तरच ते जसंच्या तसं जाईल."

बाईंनी डोळे पुसले. लहानपणी सोपानला ताप आला, की त्या अशाच आवाज न कापू देता त्याच्याशी बोलत. तो तोच आवाज ऐकून झोपायचा. एकेक अक्षर सावकाश दाबत त्यांनी लिहिलं: "सोपाना, बाळा, जेवलास का? अंगावर नीट घे. यानात चढू नकोस. दादाचं काही बरं दिसत नाही. घरी ये, मी वाट बघते."

"छान," मैथिली कुजबुजली. "अगदी तुमच्यासारखं झालंय."

मेल गेला. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. मैथिलीनं बाईंचा थंडगार हात आपल्या हातात घेतला होता.

उत्तर आलं.

"जेवलो, आई. दादाची काळजी मिटली म्हणतेस, बरं वाटलं. तुझा आशीर्वाद वाचून धीर आला बघ. यानाचं दार लावतायत. आता पुढचा मेल दादाजवळ बसून लिहीन."