डाव्या कोपऱ्यातली पावडर

जेवणाचा डबा कपाटात ठेवून सुपरवायझर साच्याजवळ येऊन उभा राहिला, तेव्हा त्याचं डोकं आधीच तापलेलं होतं. पोलादाच्या प्रत्येक स्लॅबला डाव्या कोपऱ्यात खड्डे. साचा बदलला, थंड करायचं पाणी तपासलं, ओतायची नळी बदलली, खड्डे जसेच्या तसे! "आज पुन्हा दिसले तर उद्यापासून तू गोदामात," मोठ्या साहेबांनी सकाळीच सुनावलं होतं.

तसं काम सरळ. वितळलेलं पोलाद तांब्याच्या साच्यात ओतायचं. साचा सारखा वरखाली हलतो, पोलाद कडेनं साल धरतं आणि खालून जाड लादीसारखी स्लॅब सरकत बाहेर येते. पोलाद तांब्याला चिकटू नये म्हणून वरून काळी पावडर भुरभुरायची. कमी पडली तर साल चिकटून फाटते. एकाच जागी ढीग पडला तर पावडर सालीत अडकते आणि तिथे खड्डा पडतो.

ढीग घालायची खोड दाजींची, म्हणजे त्याच्या बहिणीच्या नवऱ्याची. जन्मभर इथेच पावडर टाकली. डाव्या कोपऱ्यात हमखास एक फावडं जास्त. "असू दे रे, पोटभर खाऊ दे त्याला," म्हणायचे. पण दाजी गेल्या वर्षी घरीच, अंथरुणात गेले. आता पावडर मशीन टाकत होतं, अगदी मोजूनमापून. कुणीतरी खोडसाळपणा करतंय म्हणून सुपरवायझरने कालच पोती आणि फावडी खाली पाठवून दिली होती.

"मामा, मशीन बंद करा जरा," तो म्हाताऱ्या ऑपरेटरला म्हणाला. "बघू तरी काय होतंय."

काळा थर विरत गेला, खालचं लालभडक पोलाद उघडं पडलं. डावा कोपरा मात्र काळाच.

खर्र... फावडं पोत्यात घासल्याचा आवाज. पुन्हा, खर्र...

"ऐकलंत?..." मामा पुटपुटले.

खरं तर घाबरायचं, पण त्याला संतापच आला. मेल्यावरही माणसाने पिच्छा सोडू नये म्हणजे काय! "दाजी, पुरे झालं हो!" तो ओरडला. "माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही!"

आवाज थांबला. कोपरा हळूहळू लाल झाला.

"करा चालू."

मामांनी बटण दाबलं. परत दाबलं. "घेत नाही, साहेब..."

साचा कुरकुरू लागला. साल चिकटत होती. ती फाटली की पोलाद खाली सांडणार, आणि खाली फिटर काम करत होते. मामांनी ओतणं थांबवलं, भोंगा वाजवला. पण साच्यात होतं ते होतंच. वर टाकायला मूठभर पावडर नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

"दाजी... टाका. हवी तेवढी टाका हो..."

मग, खर्र...

काळा थर पसरत गेला, कुरकुर थांबली. त्याने हात जोडले. गोदाम तर गोदाम, माणसं वाचली.

मामांनी त्याचा दंड घट्ट धरला आणि नुसतं बोट दाखवलं. डाव्या कोपऱ्यात पावडर पडत होती. उजव्या कोपऱ्यातही पडत होती, त्याच वेळी, जास्तच घाईनं.

"साहेब," मामांनी हळूच विचारलं, "तुमचे दाजी एकटेच टाकायचे ना?..."